पायरीला सवलत नाही!

एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत. ग्रेट! पण पायरीला सवलत कुठंय?

आपण सातपूर एमआयडीसीची शिफ्ट गाठायला धावत बस पकडणारी मंडळी. बसचा फ्लोअर किती उंच, हे आपल्या गावीही नसतं. साध्या बसचा साधारण ९० सेंटिमीटर, लो-फ्लोअरचा ४०. व्हीलचेअरवाल्याची अख्खी नोकरी या ५० सेंटिमीटरमध्ये अडकते.

आणि हा दयेचा मामला नाही, बॉस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४१ मध्ये बसथांब्यापासून तिकीट खिडकीपर्यंत सगळं आलंय. दिल्ली सरकार उंच फ्लोअरच्या बस घ्यायला निघालं, तेव्हा स्वतः व्हीलचेअर वापरणारे निपुण मल्होत्रा हायकोर्टात गेले. २०१९ मध्ये त्या बस आल्या, त्या हायड्रॉलिक लिफ्टसकट. फंडा सिंपल आहे : ओरडायचं ते बस खरेदी होण्याआधी!

नाशिकची शहर बस २०२१ पासून महापालिकेच्या सिटीलिंककडे आलीय. म्हणजे जाब विचारायला मुंबई गाठायला नको. माझ्या मते सुरुवात दहा रुपयांत होते. माहिती अधिकाराचा अर्ज टाका : रॅम्प किती बसना, त्यातले चालू किती, पुढच्या टेंडरमध्ये अट काय? ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. सोबत आपल्या थांब्याचे फोटो काढा. बस थांब्याला खेटून लागत नसेल, तर रॅम्प असून उपयोग काय?

अर्ज मात्र ऑफिसातल्या दिव्यांग सहकाऱ्याला विचारूनच लिहा. असा सहकारीच नाही? मग तो का नाही, याचं उत्तर कदाचित त्या पायरीवरच सापडेल.