अलंकार ओळखला, अर्थ हुकला

दहावीचा विद्यार्थी दुसऱ्या तासाला मराठीत ‘चेतनगुणोक्ती’ शिकतो आणि चौथ्या तासाला इंग्रजीत ‘पर्सॉनिफिकेशन’ पाठ करतो. दोन्ही एकच आहेत, हे त्याला कोणी सांगतेच असे नाही. एक नाव मराठीच्या वहीत राहते, दुसरे इंग्रजीच्या. आणि निर्जीव वस्तूला माणसासारखे बोलते-वागते करून कवीने नेमके काय साधले, हा प्रश्न दोन्ही वह्यांच्या बाहेरच राहतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील माध्यमिक शाळांची ही स्थिती राज्याच्या इतर ग्रामीण भागांहून वेगळी नाही. तथापि या जिल्ह्याला अशा अध्यापनाची खंत अधिक वाटावी, असे त्याच्या भूमीत काही घडलेले आहे.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. त्यामुळे शालान्त परीक्षेस बसणाऱ्या मुलाच्या पाठीशी या भाषेची दहा वर्षे असतात. तरीही कवितेच्या रसग्रहणाचा साचा त्याला गाईडमध्ये तयार मिळतो: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. साच्यात शब्द भरले की गुण पडतात, आणि कविता न वाचताही तो भरता येतो. याबद्दल शिक्षकाला दोष देणे सोपे, पण अन्याय्य आहे. मोठा वर्ग, तोकडा तास, वर निवडणूक व जनगणनेची कामे. अशा स्थितीत ज्याला गुण आहेत तेच शिकविले जाणार. बाजारात ज्या मालाला भाव, त्याचाच पुरवठा होतो, हा नियम शाळेच्या उंबरठ्यावर थांबत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो डावलण्याजोगा नाही. पाथर्डी किंवा जामखेडकडच्या मुलाला इंग्रजी कविता हवीच कशाला? अर्ज लिहिता यावा, मुलाखतीत चार वाक्ये धडपणे बोलता यावीत, म्हणजे पुरे! ज्या घरातील माणसांना दरसाल ऊसतोडणीसाठी गाव सोडावे लागते, त्या घराने असे म्हणणे मुळीच गैर नव्हे. पण अर्ज म्हणजे तरी काय? कोणाला उद्देशून लिहायचे, आधी काय सांगायचे, काय गाळायचे, याचा विचार म्हणजेच वक्तृत्वशास्त्र. शिवाय हा मुलगा उद्या केवळ बोलणारा नसेल, ऐकणाराही असेल. झटपट कर्जाची भ्रमणध्वनीवरील जाहिरात, ‘हमखास यशा’चे आश्वासन देणारा शिकवणीवर्गाचा फलक, निवडणुकीतले भाषण, करारनाम्यातील बारीक अक्षरांतले इंग्रजी या सर्वांनी त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न व्हायचा आहे. कोणता शब्द आपल्याला कोठे नेऊ पाहतो, हे ज्याला कळत नाही त्याला त्या अज्ञानाची किंमत रोख मोजावी लागते. आणि गरिबाला ती अधिक जड जाते.

ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध केले गेले. तेथेच १९४४ साली जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रसंग आहे. खेड्यातील सभेत ‘भारतमाता की जय’ असा घोष होतो, तेव्हा ही भारतमाता कोण, असे नेहरू शेतकऱ्यांना विचारतात. धरती, असे एक जाट शेतकरी उत्तरतो. कोणती धरती? या गावची, जिल्ह्याची, प्रांताची, की साऱ्या देशाची? असे प्रश्नोत्तर होता होता या देशातील कोट्यवधी माणसे म्हणजेच भारतमाता, या अर्थापाशी सर्वजण येऊन पोहोचतात. रूपक कसे शिकवावे याचा याहून चांगला पाठ कोणता असू शकेल? त्यात रूपकाचे नाव एकदाही घ्यावे लागत नाही.

दुसरे ठिकाण नेवासे. १२९० साली ज्ञानेश्वरी तेथे सांगितली गेली, असे परंपरा मानते. संस्कृतातील तत्त्वज्ञान दृष्टांतामागून दृष्टांत देत लोकांच्या बोलीत आणण्याचे ते कार्य होते. आजही गावच्या सप्ताहात कीर्तनकार एखादी ओवी घेऊन तिच्यातील उपमा उलगडतो, तेव्हा मांडवात बसलेला मुलगा मन लावून ऐकतो. असा मुलगा अलंकाराच्या बाबतीत कोरा नसतो. सकाळी तोच मुलगा इंग्रजीच्या वर्गात कोरा ठरतो, कारण त्याच्याजवळचे भांडवल तेथे कोणी विचारातच घेत नाही.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. मराठी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी अलंकारांचे पाठ एकत्र बसून आखावेत. उपमा काढून टाकलेली ओळ आणि मूळ ओळ शेजारी शेजारी लिहून, काय उणे झाले ते मुलांना मराठीत का होईना, सांगू द्यावे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात कैलाश सत्यार्थी यांच्या नोबेल भाषणाचा अंश घेण्यात आला. असा पाठ शिकविताना शब्दार्थांवर न थांबता, समोर श्रोते कोण होते आणि वक्ता त्यांच्याकडून काय मागत होता, हे विचारावे. मात्र परीक्षा मंडळाने प्रश्न बदलल्याखेरीज हे टिकणार नाही. ‘अलंकाराचे नाव लिहा’ याऐवजी ‘या शब्दाने काय साधले?’ असे विचारले जाऊ लागले, तर गाईडमधील तयार उत्तराचे मोल आपोआप उतरेल. अशी उत्तरे तपासणे कठीण जाईल, परीक्षकांत मतभेद होतील, हे खरे. तेवढी अडचण सोसण्यासारखी आहे.

नेहरूंना उत्तर देणारा तो शेतकरी अलंकारशास्त्र शिकलेला असण्याचा संभव कमीच. त्याला प्रश्न विचारला गेला, आणि उत्तरासाठी थोडी उसंत दिली गेली, म्हणून तो विचार करू लागला. किल्ल्यापासून फार दूर नसलेल्या वर्गांतील मुलांना निदान तेवढे तरी मिळावे.