आधी गेट मोजा!

आपल्याकडे माती उकरणाऱ्या कुठल्याही यंत्राला 'जेसीबी' म्हणतात, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत मीही तेच म्हणायचो. त्यालाही हरकत नाही. पण नाव एक म्हणून प्रत्येक कामाला मशीनही एकच बोलवायचं, इथे माझी तक्रार आहे. आणि ती आधी माझ्या स्वतःबद्दलच आहे.

गेल्या उन्हाळ्यात होस्टेलमागे पाण्याची नवी लाईन टाकायची होती. चर ४० मीटर लांब, ०.६ मीटर रुंद, ०.९ मीटर खोल. सरांनी हिशोब मला करायला सांगितला. मी ऐटीत आकडा काढला : २१.६ घनमीटर माती. मोठा बॅकहो लोडर अर्ध्या दिवसात उरकेल. मिनी एक्स्कॅव्हेटरला जास्त वेळ लागेल, शिवाय तो ट्रकवर घालून आणायचं भाडं वेगळं. मग मोठाच बोलवा! माळीकाका तेवढे म्हणाले, "पोरा, गेट मोजलंस का?" मी हसण्यावारी नेलं.

साडेसात टनांचं, सव्वादोन मीटर रुंद धूड दोन मीटरच्या गेटातून जाईना. मग कंपाउंडची भिंत पाडली. आतले पेव्हर ब्लॉक फुटले. मागचे पाय टेकवायला आणि माती टाकायला जागा हवी, म्हणून चर भिंतीपासून सरकवला, तो थेट कडुनिंबाच्या मुळांतून गेला. काम अर्ध्या दिवसात झालं, हे खरं. जुलैच्या पावसात कडुनिंब आडवा झाला. हो, तोच. पीएलमध्ये ज्याच्या पारावर आपण अभ्यास (आणि बरंच काही) करायचो तो.

दोष यंत्राचा नव्हता. मोकळ्या जागेत बॅकहो लोडर उत्तमच. रस्त्यावरून स्वतः चालत येतो, खणतो, भरतोही. पण इथे हवा होता पावणेदोन टनांचा मिनी. रुंदी जेमतेम एक मीटर. वरचा भाग पूर्ण गोल फिरतो, आणि बूम बाजूला वळत असल्याने भिंतीला लागून चर खणता येतो. खाली रबरी पट्टे. १,७०० किलो वजन साधारण ५,५०० चौरस सेंटिमीटरवर पसरतं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो. ६० किलोचा मुलगा एका पायावर उभा राहिला तर त्याच्या तळव्याखाली जवळपास तेवढाच दाब असतो!

म्हणून सगळीकडे छोटंच घ्या, असंही माझं म्हणणं नाही. आपल्याकडे मुरुमाखाली काळा पाषाण लागला की एवढ्याशा मशीनचं बकेट नुसतं खरवडत बसतं. तिथे ब्रेकर पेलणारं जड मशीनच लागतं, आणि वजन वाढलं की रुंदीही वाढते. तेव्हा क्रम असा ठेवा : आधी गेट आणि फिरायची जागा, मग जमीन, मग खोली, मग काय शाबूत राहायला हवं ते. तासाचा दर सगळ्यांत शेवटी. बागेच्या कामात तर काय खणलं यापेक्षा काय वाचलं याला जास्त किंमत.

माझ्या हिशोबात भिंत नव्हती, ब्लॉक नव्हते, झाडही नव्हतं. आकडा मात्र अचूक होता!

उद्या तुम्ही साईटवर जाल. टेप आधी काढा, कॅल्क्युलेटर नंतर. आणि माळीकाका काही विचारत असतील, तर हसू नका.