मुलगा असो वा मुलगी, नाव एकच

नाहूर-मुलुंड परिसरातील जैन घरांत हल्ली बाळाच्या आगमनापूर्वीच नावांची यादी तयार होते, आणि मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही शोभेल असे एखादे नाव तरुण आईवडील तीत आग्रहाने घालतात. कारण साधे आहे. गर्भलिंग जाणून घेण्यास आपल्याकडे बंदी आहे. महाराष्ट्राने ती १९८८ मध्येच, केंद्रीय कायद्याच्या सहा वर्षे आधी, घातली. जन्माआधी नाव ठरवायचे तर ते दोघांनाही चालणारेच हवे. आजी-आजोबांना मात्र ही परदेशी टूम वाटते. नावावरून मुलगा की मुलगी हे कळू नये, हा कसला हट्ट, असे ते विचारतात.

ही टूम परदेशी नाही. मराठीत हायकू रुजविणाऱ्या शिरीष पै या आचार्य अत्रे यांच्या कन्या. शिरीष कणेकर हे पुरुष लेखक. सुहास शिरवळकर कादंबरीकार, तर सुहास जोशी अभिनेत्री. किरण आणि शशी तर घरोघरी. गुजराती पेढीवर जयंतीभाई बसतात, आणि भगवतीसूत्रात भगवान महावीरांना निद्रा बरी की जागृती असे निर्भयपणे विचारणारी कौशांबीची श्राविकाही जयंतीच!

याहून मोठे उदाहरण एकोणिसाव्या तीर्थंकरांचे. श्वेतांबर परंपरा मल्लिनाथांना राजकन्या मानते, दिगंबर परंपरा राजपुत्र. या प्रश्नावर दोन्ही आम्नायांत शतकानुशतके वाद झाला. नाव मात्र दोघांनी एकच जपले. मंदिरात कलशाचे लांछन पाहून हात जोडणाऱ्याला त्या नावाने कधी अडविले नाही.

खरे तर स्त्री-पुरुष भेद सांगण्याचे काम आपल्या भाषांनी नावावर टाकलेच नव्हते. गुजराती माणूस किरणभाई वा किरणबेन म्हणतो. मराठीत ‘किरण आला’, ‘किरण आली’ एवढ्याने भागते. आजींची शंका तेथेच मिटावी. मुलगा हवा होता म्हणून मुलीला मुलाचे नाव देणे, ही गोष्ट मात्र वेगळी. अशा नावाचे समर्थन करता येणार नाही.

अडचण येते ती कागदावर. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणून त्यात भाई, बेन, कुमार, कुमारी अशी शेपटे जोडू नयेत. लिंगासाठी स्वतंत्र रकाना असतोच. दाखल्यावर ‘किरणबेन’, शाळेत ‘किरण’ आणि पासबुकात तिसरेच काही, अशी तफावत बालपणी कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे आजोबांच्या मुदतठेवीवर नामनिर्देशित म्हणून रक्कम मागताना ती उभी राहते आणि प्रतिज्ञापत्रांचे हेलपाटे सुरू होतात. रोमन लिपीतील स्पेलिंगही आरंभीच एकदा ठरवून सर्वत्र तेच लिहावे.

घाईचे कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण ती नावाविनाही होते. नंतर वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते. राशीचे अक्षर निघेपर्यंत, आजींची समजूत पटेपर्यंत, आणि फईबांना गावाहून यायला सवड मिळेपर्यंत तेवढा अवधी पुरेसा आहे.