बिघाडाचे वाचन

साहित्याच्या अभ्यासकाने संगणकाच्या बिघाडावर लिहावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात सुटे भाग जुळवून गेमिंगसाठी संगणक उभा करणारी तरुण मंडळी आहेत, आणि त्यांतली काही आपल्याच वर्गांत बसतात. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, भाग निवडून आणायचे, दादरला गाडी बदलत कॅबिनेट सांभाळून घरी न्यायचे आणि रात्र जागवून यंत्र जुळवायचे, हा एक गंभीर उद्योग आहे. त्या यंत्रात सर्वांत महाग भाग बहुधा ग्राफिक्स कार्ड असते. आणि वीस मिनिटे खेळून झाल्यावर पडदा काळा पडला, की पहिला आरोपी तेच ठरते.

या क्षणी घरात जे घडते ते समीक्षेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. वडील म्हणतात, गेम खेळून खेळून मशीन तापले. दुकानदार म्हणतो, कार्ड गेले, नवे घ्या. मित्र म्हणतो, ड्रायव्हर बदल. तिन्ही अर्थनिर्णय संहिता वाचण्यापूर्वीच झालेले असतात.

संहिता काय म्हणते? विंडोज व्हिस्टापासून अशी व्यवस्था आहे, की ग्राफिक्स कार्डाने ठरावीक अवधीत (मूळ मांडणीनुसार दोन सेकंदांत) उत्तर दिले नाही, तर प्रणाली ड्रायव्हर नव्याने सुरू करते आणि तशी नोंद ठेवते. म्हणजे ती नोंद कार्डाच्या मौनाची साक्ष आहे, कार्डाच्या अपराधाची नव्हे. मौनाची कारणे अनेक असतात: कॅबिनेटमध्ये साचलेली धूळ आणि उष्णता, क्षणिक वाढलेला भार न पेलणारा एसएमपीएस, नीट न बसलेली वायर, वेग वाढवून चालवलेली रॅम, सदोष ड्रायव्हर, किंवा खरोखरच कार्ड. ज्याने तक्रार केली तोच दोषी, असे मानणे ही वाचनाची चूक आहे.

या चुकीचे मोठे उदाहरण अलीकडचे आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम कोसळत, आणि पडद्यावर संदेश येई तो व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा. वाचणाऱ्याने स्वाभाविकपणे ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवले. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियाने अशा ग्राहकांना इंटेलकडे जाण्यास सांगितले. प्रोसेसरला गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळत असल्याचे पुढे इंटेलने मान्य केले, ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच इजा झालेले प्रोसेसर मात्र त्या दुरुस्तीने बरे होणार नव्हते. दरम्यान ज्याने नवे कार्ड घेतले असेल, त्याने शब्दशः वाचनाची किंमत रोख मोजली.

भव्य स्पष्टीकरणाचा मोह केवळ घरापुरता नसतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागीच थांबल्या. कळवा-पडघा मार्गावरील अतिउच्चदाब वाहिन्यांतील बिघाडाची चर्चा तेव्हाच झाली होती. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. लोकांच्या स्मरणात यातले कोणते राहिले असेल, हे सांगण्याची गरज नाही.

मग शिस्त कोणती? एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कार्ड मित्राच्या यंत्रात लावून पाहावे आणि मित्राचे कार्ड आपल्या यंत्रात. रॅमची एकेक पट्टी काढावी. तापमानाची नोंद ठेवावी. घरातले अर्थिंग तपासून घ्यावे. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड थांबला, तर तो थांबला एवढेच कळते. का थांबला ते कळत नाही, आणि न कळलेला बिघाड परत येतो.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा प्रश्न हाच होता: दोष मूळ ग्रंथाचा की नकलणाऱ्याचा? भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झाली. वि. स. सुकथनकरांनी तिला जी पद्धत दिली, तिच्यात साक्षीदार हस्तलिखिते मोजून भागत नाही, ती तोलावी लागतात. दुसऱ्या यंत्रात लावून पाहिलेले कार्ड हे असेच एक स्वतंत्र हस्तलिखित आहे.

आक्षेप उघड आहे: कविता म्हणजे यंत्र नव्हे, तिची अनेकार्थता ही संपत्ती आहे, बिघाड नव्हे. हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु आपले प्रबंध केवळ अर्थ सांगत नाहीत, ते कारणेही सांगतात. अमुक कवीचे दुःख बालपणीच्या दारिद्र्यातून आले, अमुक दशकात नागरीकरणामुळे कथा बदलली, ही विधाने अर्थाची नाहीत, कारणांची आहेत. तेथे ‘प्रत्येक वाचन ग्राह्य’ म्हणणे हे दुकानदाराच्या ‘कार्ड गेले’इतकेच निष्काळजी आहे. तसेच दारिद्र्य भोगलेल्या दुसऱ्या कवीत ते दुःख दिसते का? नागरीकरणाच्या आधीच कथा बदलू लागली होती का? भाग बदलून पाहणे म्हणजे दुसरे काय?

म्हणून माझी सूचना साधी आहे. चर्चासत्रात निबंध वाचणाऱ्याला आपण संदर्भ विचारतो. त्याच्या जोडीने हेही विचारावे, की कोणता पुरावा समोर आला तर तुम्ही हे मत सोडाल? ज्याने एसएमपीएस, रॅम आणि कार्ड आलटून पालटून तपासले आहे, त्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अवघड वाटणार नाही. अवघड वाटलाच, तर तो आपल्याला वाटेल.