गाठीतले शेजारी

इम्युनोथेरपीवर या सदरात लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो: लाखो रुपयांचं हे औषध नेमकं कुणाला लागू पडणार? सध्या त्याचं उत्तर बरेचदा पीडी-एल१ या एकाच प्रथिनावरून दिलं जातं. काचपट्टीवर किती टक्के पेशींना तपकिरी रंग चढला, तेवढं बघायचं. मला ही कसोटी तोकडी वाटते.

गाठीत नुसत्या कर्कपेशी नसतात. मारक टी-पेशी असतात, त्यांना आवर घालणाऱ्या टी-पेशी असतात, मॅक्रोफेज असतात. मारक पेशी भरपूर असल्या, पण गाठीच्या वेशीवरच अडकून पडल्या, तर उपयोग काय? कोण कुणाला खेटून आहे, ते कळायला हवं.

मल्टिप्लेक्स फ्लुरोसन्समध्ये ते गाठीच्या एकाच कापावर दिसतं. चार-पाच मायक्रॉनचा काप. त्यावर एक अँटिबॉडी सोडायची, तिच्या जागी चमकणारा रंग पक्का बसवायचा, मग मायक्रोवेव्हमध्ये तापवून अँटिबॉडी उतरवायची. रंग तिथंच राहतो. मग दुसरी, तिसरी. शेवटी डापी हा रंग घातला की केंद्रकं निळी उजळतात. तांबड्या रक्तपेशी मात्र आपणहून चमकतात. तो उजेड संगणकाकरवी वजा करावा लागतो.

चित्रं देखणी येतात, आणि धास्ती तिथंच आहे. उठावदार तेवढा भाग टिपायचा आणि त्यावरून निष्कर्ष काढायचा, हा मोह मोठा. म्हणूनच बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधलं २०२१ चं ‘अ‍ॅस्ट्रोपाथ’ हे काम मला मोलाचं वाटतं. पॅथॉलॉजिस्ट जॅनिस टाऊब यांच्या जोडीला होते आकाशाच्या स्लोन सर्वेक्षणात मुरलेले अ‍ॅलेक्स सालाय. लगतच्या फोटोंच्या कडा एकमेकांवर येतील अशा बेतानं त्यांनी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या गाठींचे अख्खे काप टिपले. तीच पेशी दोन फोटोंत मोजली गेली की भिंगाची आणि प्रकाशाची चूक आपसूक हाती लागते. सहा खुणांच्या त्या नकाशात सीडी८ (मारक पेशींची) आणि फॉक्सपी३ (आवर घालणाऱ्या पेशींची) या दोन्ही खुणा बाळगणाऱ्या विरळा पेशी सापडल्या. ज्यांना औषध मानवलं, त्यांच्या गाठींत त्या जास्त होत्या. खुणा वेगवेगळ्या कापांवर रंगवल्या असत्या, तर या पेशी दोन निरनिराळ्या रकान्यांत गेल्या असत्या.

२०१९ मध्ये आठ हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हाही औषधाचा अंदाज बांधण्यात मल्टिप्लेक्स एकट्या पीडी-एल१ पेक्षा सरस ठरलं. अर्थात त्यात मल्टिप्लेक्सचे अभ्यास थोडेच होते, त्यामुळे इतक्यात हुरळून जाऊ नये. आपल्याकडच्या प्रयोगशाळा यासाठीचं महागडं यंत्र घेतीलच. त्यांच्या अहवालात काचपट्टीचा किती भाग मोजला आणि तो कुणी निवडला, हे छापलेलं असावं.