कुऱ्हाडीवरचा शिक्का आणि कुऱ्हाडीमागचा हात

जुन्या कुऱ्हाडी जमवून त्यांचा जीर्णोद्धार करण्याचा छंद अमेरिकेत गेल्या पंधरा-वीस वर्षांत चांगलाच फोफावला आहे. शेतावरचे लिलाव, पडीक गोठे, मोडीत निघालेली सुतारशाळा अशा ठिकाणांहून गंजलेली पाती शोधून आणावयाची, रात्रभर शिरक्यात भिजत ठेवून तारेच्या ब्रशाने घासावयाची, कानशीने धार काढावयाची, हिकरीच्या लाकडाचा नवा दांडा नेढ्यात बसवून पाचर ठोकावयाची आणि शेवटी दांड्याला जवसाचे तेल चोळावयाचे, असा हा उद्योग आहे. कोणी एकाच कुऱ्हाडीवर थांबतो, कोणाच्या घरच्या भिंती कुऱ्हाडींनी भरून जातात. न्यूयॉर्कमध्ये तर 2009 पासून रंगीत दांड्यांच्या नव्या कुऱ्हाडी शेकडो डॉलरना विकण्याचा व्यवसायच सुरू झाला. ज्यांनी आयुष्यात कधी लाकूड फोडले नाही, असेही गिऱ्हाईक त्याला मिळाले.

रिकामटेकड्या श्रीमंतांचे हे चोचले आहेत, असे म्हणून समाजवादी कार्यकर्ता पुढे जाईल, हे स्वाभाविक आहे. परंतु श्रमाचे साधन शोभेची वस्तू का होते, याचा विचार समाजवाद्याने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

रिकार्डोने 1817 च्या आपल्या ग्रंथात वस्तूंचे दोन वर्ग पाडले होते. दुर्मिळ पुतळे, चित्रे, जुनी नाणी यांचे मूल्य केवळ दुर्मिळतेवर ठरते, कारण कितीही श्रम केले तरी त्यांची संख्या वाढविता येत नाही. उरलेल्या बहुसंख्य वस्तूंचे मूल्य मात्र त्यांच्या उत्पादनास लागणाऱ्या श्रमावर ठरते. जुनी कुऱ्हाड ही या दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात गेलेली वस्तू आहे. कनेक्टिकट राज्यात फार्मिंग्टन नदीच्या काठी 1826 साली स्थापन झालेल्या कॉलिन्स कंपनीने कुऱ्हाडींचे प्रचंड उत्पादन केले. या कारखान्यामुळे कॉलिन्सव्हिल हे गावच उभे राहिले. 1966 मध्ये कंपनी बंद पडली. वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्स्टन येथे 1904 पासून चाललेला केली कंपनीचा अवाढव्य कारखाना 1982 मध्ये बंद झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जंगलतोडीत यांत्रिक करवत आली आणि कुऱ्हाडीची मागणीच आटली. आज या कंपन्यांचा शिक्का असलेल्या पात्याला जी किंमत येते, ती कारखाना चालू आहे म्हणून नव्हे, तो बंद पडला म्हणून येते. कामगाराची बेकारी आणि संग्राहकाचा नफा यांचा उगम एकच आहे.

यावर व्हेब्लेनचे उत्तर तयार आहे. 1899 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने हाताने घडविलेल्या चांदीच्या चमच्याचे उदाहरण दिले आहे. यंत्रावर झालेला स्वस्त चमचा तेच काम करीत असता हा महाग चमचा सुंदर वाटतो, याचे एक कारण त्याचा महागपणाच होय. भिंतीवरच्या कुऱ्हाडीला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. परंतु ज्याने ती स्वतःच्या हाताने घासून, धार लावून पुन्हा कामाला जुंपली, त्याला ते लागू पडत नाही. त्याची प्रेरणा वेगळी आहे आणि ती आदराने समजून घेतली पाहिजे.

जुने पाते विजेच्या फिरत्या दगडावर घाईने घासले, तर ते तापून निळे पडते आणि पोलादाला दिलेले पाणी उतरते. मग धार टिकत नाही. म्हणून जाणकार कानस हळूहळू चालवितो. दांडा निवडताना तो लाकडाच्या रेषा पाहतो. कार्यालयात बसून दिवसभर कागद सरकविणाऱ्या माणसाला आरंभापासून शेवटापर्यंत एक काम आपल्या हाताने पुरे केल्याचे समाधान येथे मिळते. पगारी श्रमाने त्याच्यापासून जे हिरावून घेतले, ते तो सुटीच्या दिवशी परत मिळवू पाहतो. शिवाय ही विद्या निरुपयोगी झालेली नाही. 1964 च्या कायद्याने अमेरिकेतील राखीव अरण्यांत यांत्रिक साधनांचा वापर सामान्यतः निषिद्ध ठरला. त्यामुळे तेथील वाटांवर आडवी पडलेली झाडे कुऱ्हाडीने व हातकरवतीनेच तोडावी लागतात. सरकारी वनखात्याने 1999 मध्ये कुऱ्हाडीच्या निगेवर एक पुस्तिकाच काढली. सार्वजनिक गरज टिकली की कारागिरीही टिकते, एवढा धडा यातून घेण्यासारखा आहे.

मात्र या छंदात एक मोठे विस्मरण दडलेले आहे. संग्राहक पात्यावरचा शिक्का भिंगाखाली पाहतो, मुकुटातून वर आलेला हातोडीधारी हात दिसला की कॉलिन्सचा माल म्हणून आनंदतो. पण तो शिक्का मालकाचा आहे. घडविणाऱ्याचे नाव त्यावर नाही. 1830 नंतरच्या दशकात एलिशा रूट या कुशल कारागिराने याच कारखान्यात कुऱ्हाड घडविण्याची यंत्रे रचली आणि लोहाराचे सलग काम तुकड्यातुकड्यांत विभागले गेले. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. पूर्वी गिऱ्हाइकाला धार स्वतः लावून घ्यावी लागे. कॉलिन्सने धार लावलेली कुऱ्हाड बाजारात आणली, ही तिची ख्याती. परंतु ती धार लावणारा कामगार फिरत्या वालुकाश्मासमोर बसून दगडाची धूळ छातीत भरून घेत असे. एका कुऱ्हाड कारखान्यातील धार लावणाऱ्या व झिलई करणाऱ्या कामगारांत क्षयाचे प्रमाण किती भयंकर होते, याचा अहवाल अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या पत्रिकेत 1921 साली प्रसिद्ध झाला आहे. खंभातच्या अकीक कामगारांचे हाल ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या धुळीची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

मार्क्सने ज्याला वस्तुपूजा म्हटले ती हीच: माणसामाणसांतील संबंध वस्तूआड लपतो आणि वस्तूच देवता होऊन बसते. स्वीडनमधील ग्रॅन्सफोर्सच्या कारखान्यात प्रत्येक पात्यावर ते घडविणाऱ्या लोहाराची आद्याक्षरे उमटविली जातात. ही प्रथा चांगली आहे, यात शंका नाही. तथापि कामगाराची आद्याक्षरे हीसुद्धा मालाची किंमत वाढविणारी जाहिरात होऊ शकते. आद्याक्षरे म्हणजे सन्मान. कारखान्याच्या कारभारात वाटा म्हणजे हक्क. सन्मान हा हक्काचा पर्याय नव्हे.

तेव्हा जुनी हत्यारे जपणाऱ्यांची टिंगल करण्यात अर्थ नाही. हाताच्या कामाची त्यांची भूक खरी आहे. समाजवाद्यांनी तिला उत्तर दिले नाही, तर बाजार रंगीत दांडे विकून ते देईलच. त्यांच्याकडून अपेक्षा एवढीच करावयाची की, त्यांनी पात्याबरोबर हजेरीपटही जपावेत. कोणत्या साली किती मजुरी होती, धारेच्या दगडापाशी कोण बसत होते, कारखाना बंद झाला तेव्हा ते कोठे गेले, या नोंदी गंजलेल्या लोखंडापेक्षा लवकर नाश पावतात. गंज शिरक्याने निघतो. विसरलेल्या माणसांची नावे मात्र कोणत्याही रसायनाने पुन्हा उमटत नाहीत.