कुलीनतेचे कौतुक आणि कष्टाचे मोल

मराठी चित्रपटाच्या इतिहासाविषयी बोलताना एक वाक्य हमखास उच्चारले जाते. प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित दुर्गाबाई खोटे पडद्यावर आल्या आणि अभिनयाच्या व्यवसायाला प्रतिष्ठा लाभली, असे ते वाक्य. ते असत्य नाही. परंतु अपुरे आहे, आणि अपुरे सत्य कित्येकदा असत्याहून अधिक दिशाभूल करते. त्या वाक्यात दुर्गाबाईंच्या घराण्याचा गौरव आहे. त्यांच्या श्रमांचा उल्लेखही नाही.

या विषयाकडे मी वळलो तो चित्रपटाचा अभ्यासक म्हणून नव्हे. अर्थशास्त्राच्या तासाला श्रमाचा पुरवठा हे प्रकरण शिकविताना मी दुर्गाबाईंचे उदाहरण दिले होते. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या मोठ्या घरच्या नसत्या तर आपण त्यांना काय म्हटले असते?" तास संपला, प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ सालचा. वडील पांडुरंग लाड हे मुंबईतील नामवंत सॉलिसिटर. शिक्षण कॅथीड्रल शाळेत व पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात. विवाह तितक्याच संपन्न खोटे कुटुंबात. परंतु सासरची सांपत्तिक स्थिती खालावली आणि दोन लहान मुलांच्या पालनपोषणाचा प्रश्न समोर उभा राहिला. १९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक छोटी भूमिका स्वीकारली, ती या निकडीपोटी. चित्रपटाच्या जाहिरातीत त्यांच्या माहेर-सासरच्या नावलौकिकाचा उपयोग करून घेण्यात आला. चित्रपट कोसळला आणि समाजाची टीका मात्र त्यांच्या वाट्याला आली. ज्या कुलीनतेचे आज आपण कौतुक करतो, ती तेव्हा प्रथम बाजारात मांडली गेली आणि मग तिच्याच नावाने दूषणे दिली गेली, हे विसरता कामा नये.

पुढचे वर्ष मराठी बोलपटाचे. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' काढला आणि गोविंदराव टेंबे यांच्या हरिश्चंद्रासमोर दुर्गाबाई तारामती म्हणून उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांपूर्वी, १९१३ साली, दादासाहेब फाळके यांना याच तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती. ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. याच विरोधाभासावर बोट ठेवून कुलीनतेचा सिद्धान्त मांडला जातो. परंतु त्याच १९१३ साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुसऱ्या एका दुर्गाबाई पडद्यावर आल्या होत्या. त्या दुर्गाबाई कामत, आणि सोबत त्यांची बालवयातील कन्या कमला. पतीपासून विभक्त झालेल्या या स्त्रीने फिरत्या नाटकमंडळीच्या आश्रयाने मुलीला वाढविले. तीच मुलगी पुढे कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर गाजली आणि अकाली वैधव्य आल्यावर तिने अभिनयाच्या मिळकतीवर तीन मुलगे वाढविले. दोन्ही दुर्गाबाईंना आणि कमलाबाईंना कॅमेऱ्यासमोर वा रंगमंचावर उभे करणारे कारण एकच होते: लेकरांच्या पोटाला घालणे. एकीला आपण व्यवसायाची उद्धारकर्ती म्हणतो. बाकीच्या दोघींची नावे अभ्यासकांपुरती उरली आहेत.

याचा अर्थ दुर्गाबाईंचे कर्तृत्व लहान होते असा मुळीच नव्हे. उलट, त्यांचे खरे कर्तृत्व आपल्या नजरेतून निसटते, हीच माझी तक्रार आहे. तो काळ कंपन्यांचा होता. नटनट्या कंपनीच्या मासिक पगारावर असत आणि कराराच्या मुदतीत अन्यत्र काम करण्याची त्यांना मोकळीक नसे. अशा काळात दुर्गाबाईंनी एका कंपनीला बांधून घेण्याचे नाकारले. 'प्रभात'नंतर कलकत्त्यास जाऊन 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) केले. पुन्हा 'प्रभात'मध्ये येऊन 'अमरज्योती' (१९३६) मधील बंडखोर सौदामिनी साकारली. १९३७ साली 'साथी'च्या निर्मितीची जबाबदारी उचलली. स्वातंत्र्योत्तर काळात लघुपट व जाहिरातपटांची स्वतःची संस्था चालविली. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया' त्यांच्याच संस्थेची. ज्या वयात नायिकेची मागणी संपते, त्या वयात उत्पन्नाचे दुसरे साधन हाताशी असावे, हा हिशोब त्यांनी वेळीच केला होता. म्हणूनच, मला वाटते, साहित्य संघाच्या रंगमंचावर 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई त्यांना निश्चिंत मनाने रंगविता आली, 'मुघल-ए-आझम'मधील जोधाबाई (१९६०) पेलता आली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर 'बिदाई'साठी (१९७४) पारितोषिक घेता आले. १९८३ सालचा फाळके पुरस्कार हा पन्नास वर्षांच्या अव्याहत श्रमांचा सन्मान होता. १९९१ साली त्या निवर्तल्या.

हे इतर अभिनेत्रींना का साधले नाही? गुणांत त्या उण्या होत्या म्हणून? शांता आपटे यांचा 'कुंकू' (१९३७) ज्यांनी पाहिला आहे, ते असे म्हणणार नाहीत. याच शांताबाईंना १९३९ साली वेतन व कराराच्या वादातून पुण्यात 'प्रभात'च्या दाराशी उपोषणास बसावे लागले. हंसा वाडकर यांनी घरच्या ओढगस्तीपायी कोवळ्या वयात हा व्यवसाय पत्करला. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) व 'सांगत्ये ऐका' (१९५९) यांनी त्यांना अमाप लोकप्रियता दिली, परंतु आयुष्यावर स्वतःचा ताबा नसल्याची त्यांची व्यथा त्यांच्या आत्मकथनात उघड झाली आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत उत्तर सोपे आहे. दुर्गाबाईंपाशी वाटाघाटीचे बळ होते. करार वाचता येईल असे शिक्षण होते, कायदा जाणणारे माहेर होते, 'नाही' म्हटल्यावर चार दिवस थांबण्याइतका आधार होता. म्हणजे कुलीनतेचा उपयोग झालाच. परंतु सद्गुण म्हणून नव्हे, भांडवल म्हणून. आणि भांडवल ज्याच्यापाशी नसते, त्याच्यासाठी ते बळ समाजाने कायद्याच्या रूपाने उभे करायचे असते.

ही जाणीव शासनाला झालीच नाही असे नाही. १९८१ साली संसदेने चित्रपट कामगारांसाठी लेखी करार बंधनकारक करणारा कायदा केला. त्यातील तत्त्व २०२० सालच्या कामगार संहितेत दृक्श्राव्य निर्मितीतील कलावंतांसाठी कायम ठेवण्यात आले. परंतु कागदावरील तरतूद आणि चित्रीकरणाच्या जागेवरील रीत यांत अंतर आहे. दैनंदिन मालिकांतील कलावंतांचे पैसे कामानंतर तीन-तीन महिन्यांनी देण्याचा प्रघात आजही सर्वांना ठाऊक आहे. नाटकातील कलावंत तर त्या व्याख्येतही बसत नाही. तो 'नाइट'वर जगतो. २०२० च्या टाळेबंदीत नाट्यगृहांना कुलुपे लागली तेव्हा 'नाइट' थांबली आणि तिच्याबरोबर चूलही. तुम्हा-आम्हा पगारदारांना पहिली तारीख असते, भविष्यनिर्वाह निधी असतो. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मात्र कलावंताची ही विवंचना समजावून सांगावी लागणार नाही.

वृद्ध कलावंतांना शासन मानधन देते, ही चांगली गोष्ट आहे. पण मानधन मिळवायचे तर आधी अर्ज करावा लागतो, आपण गरजू आहोत हे सिद्ध करावे लागते. ज्याने चाळीस वर्षे लोकांना हसविले-रडविले, त्याने उतारवयात ते कृपा म्हणून का मागावे? प्रत्येक प्रयोगाच्या आणि प्रत्येक चित्रीकरणाच्या मोबदल्यातून निर्मात्याचा व कलावंताचा ठरावीक हिस्सा निधीत जमा झाला, तर तेच उद्या हक्काचे निवृत्तिवेतन होईल. यात क्रांतिकारक असे काही नाही. प्रत्येक कारकुनाच्या बाबतीत आपण हे कधीच मान्य केले आहे.

त्या विद्यार्थिनीला मी आता असे सांगेन: दुर्गाबाई खोटे मोठ्या घरच्या नसत्या, तर बहुधा दुर्गाबाई कामतांप्रमाणे आपण त्यांनाही विसरलो असतो. हा दोष त्या दोघींचा नाही. आपण घराणे पाहिले, श्रम पाहिले नाहीत. ज्या दिवशी कोणत्याही घरची मुलगी लेखी करार हाती घेऊन, वेळेवर मोबदला घेऊन आणि म्हातारपणाची चिंता न बाळगता रंगमंचावर पाऊल टाकील, त्या दिवशी या व्यवसायाला खऱ्या अर्थाने प्रतिष्ठा लाभली असे म्हणता येईल.